एच-४ व्हिसावरील अकरावीतील मुलगी : कॉलेजप्रवेश आणि शिष्यवृत्तीबाबत मार्गदर्शन हवे

मोरपंखी (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेतील सरकारी शाळेत अकरावीत शिकत आहे. तिचे सगळे शालेय शिक्षण याच देशात झाले. ह्यांचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असल्यामुळे ती आणि मी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहोत. ह्यांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला आहे, परंतु नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या ईबी-२ या गटातील भारतीयांची रांग पाहता ती २१ वर्षांची होण्यापूर्वी ग्रीन कार्ड हाती येईल, अशी आशा आम्ही सोडून दिली आहे. धाकटा मुलगा येथेच जन्मला असल्याने त्याचा प्रश्न नाही.

शाळेतील समुपदेशक मनापासून मदत करतात, परंतु नागरिक नसलेल्या पण कायदेशीर व्हिसावर वाढलेल्या मुलांबाबत त्यांना फारशी माहिती नाही. त्यांनी इतर सर्वांप्रमाणे आम्हालाही फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरण्यास सांगितले आणि तो अर्ज तिला लागूच होत नाही, हे आम्हाला नंतर समजले. तिचे गुण उत्तम आहेत. प्रवेशाच्या वेळी तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून मोजतील का, तिला कोणतीही आर्थिक मदत मिळू शकते का, आणि आमच्या राज्यातील विद्यापीठात राज्यातील रहिवाशांची फी लागेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

ओवरी

मोरपंखीताई, आपल्या प्रश्नांची सरमिसळ होऊ न देणे ही पहिली गरज आहे, कारण ‘आपण परदेशी की देशी’ या प्रश्नाचे एकच उत्तर कॉलेजकडे नसते. अर्ज वाचणारे प्रवेश कार्यालय, पैसे देणारे आर्थिक साहाय्य कार्यालय आणि फीचा दर ठरवणारे रजिस्ट्रारचे कार्यालय आपापल्या नियमांनुसार वेगवेगळी उत्तरे देतात. एकाच विद्यापीठात एकच मुलगी पहिल्या कार्यालयाच्या लेखी स्थानिक, दुसऱ्याच्या लेखी परदेशी आणि तिसऱ्याच्या लेखी राज्याची रहिवासी असू शकते. कोणत्याही एका कार्यालयातील व्यक्तीने फोनवर दिलेले उत्तर बाकीच्या दोघांना लागू होते असे धरून चालू नये.

कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात तिने आपण अन्य देशाची नागरिक असल्याचे नमूद करून पुढे एच-४ हा व्हिसाप्रकार लिहावा. अर्ज वाचताना बहुतेक ठिकाणी तिची तुलना तिच्याच शाळेतील आणि परिसरातील मुलांशी होते, कारण तिची गुणपत्रिका, तिने घेतलेले एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय आणि शिक्षकांची शिफारसपत्रे येथलीच असतात. येथील शाळेत इतकी वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या मुलीकडे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची मागणी सहसा होत नाही. म्हणजे मुंबईहून किंवा बीजिंगहून अर्ज करणाऱ्या मुलांच्या गठ्ठ्यात तिचा अर्ज जाईलच, असे नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र नियम कठोर आहे. फाफ्साच्या आधारे मिळणारी केंद्र सरकारची मदत, म्हणजे पेल ग्रँट हे अनुदान, सरकारी कर्ज आणि वर्क-स्टडी ही शिकताना काम करण्याची योजना, ही नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासित किंवा आश्रय मिळालेल्या व्यक्तींसारख्या काही ठरावीक गटांपुरतीच आहे. त्यात एच-४ बसत नाही. आय-४८५ हा ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज प्रलंबित असला तरीही, प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मिळेपर्यंत, ही मदत मिळत नाही. आपल्या धाकट्या मुलाला मात्र पुढे फाफ्सा भरता येईल. आई-वडील नागरिक नसल्यामुळे त्याच्या पात्रतेला बाधा येत नाही.

राहता राहिला कॉलेजचा स्वतःचा पैसा. तो केंद्र सरकारच्या नियमांनी बांधलेला नसतो आणि आपल्या मुलीची खरी आशा तेथेच आहे. त्यासाठी अनेक खासगी कॉलेजे सीएसएस प्रोफाइल हा कॉलेज बोर्डाचा अर्ज मागतात. तो सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतानाही भरता येतो.

मोरपंखी

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आर्थिक मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता कमी होते, असे येथील मंडळींकडून ऐकले आहे. ते खरे आहे का? आणि ह्यांचे उत्पन्न पाहता आम्हाला कोणी ‘गरजू’ मानेल, याचीच मला शंका वाटते.

ओवरी

ते काही ठिकाणी खरे आहे आणि काही ठिकाणी साफ खोटे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट येथे परदेशी नागरिकांच्या बाबतीतही प्रवेशाचा निर्णय घेताना अर्जदाराने मदत मागितली आहे की नाही, हे पाहिले जात नाही. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनीही हेच धोरण जाहीर केले, आणि ब्राउनने २०२९ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून ते लागू केले. याला नीड-ब्लाइंड म्हणतात. याउलट स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल यांसारखी नामांकित विद्यापीठे नागरिकांसाठी नीड-ब्लाइंड असली, तरी परदेशी अर्जदारांसाठी नीड-अवेअर आहेत. तेथे मदतीचा अर्ज केल्याचा परिणाम निर्णयावर होऊ शकतो, आणि एकदा मदत न मागता प्रवेश घेतला की पुढील वर्षांत ती मागण्याची मुभा परदेशी विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी नसते. ही दुसरी अट माहितीपत्रकात शेवटी कोठेतरी असते, पण घराचे चार वर्षांचे अंदाजपत्रक तिच्यावरच ठरते.

उत्पन्नाविषयीची आपली शंका स्वाभाविक असली, तरी अलीकडच्या घोषणा पाहाव्यात. २०२५-२६ पासून हार्वर्डने २,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी ट्यूशन माफ केली आहे आणि १,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असल्यास राहण्याजेवणाचा खर्चही विद्यापीठ उचलते. एमआयटीची ट्यूशनची मर्यादाही २,००,००० डॉलर आहे, आणि प्रिन्स्टनची त्याहून वर, २,५०,००० डॉलरपर्यंत गेली आहे. कुटुंबाची मालमत्ता नेहमीसारखी असावी, हे यात गृहीत आहे. नोकरदार एच-१बी कुटुंबांपैकी अनेक जण या मर्यादांच्या आत येतात, परंतु ‘आपल्याला काय मिळणार’ म्हणून अर्जच करत नाहीत.

एक सूचना करतो. कॉलेजांच्या संकेतस्थळांवरील खर्चाचे गणकयंत्र वापरताना सावध राहावे. बहुतेक गणकयंत्रे अर्जदार नागरिक आहे असे धरून सरकारी अनुदानही हिशोबात घेतात, त्यामुळे तेथे दिसणारा आकडा आपल्या मुलीसाठी फसवा ठरू शकतो.

कडुलिंब

ओवरी यांनी दिलेली माहिती अचूक आहे, परंतु मला या चर्चेचा रोख थोडा खटकतो. नीड-ब्लाइंड म्हणून ज्या आठ संस्थांची नावे घेतली, त्यांपैकी एकाही ठिकाणी दर शंभर अर्जदारांमागे दहा जणांनाही प्रवेश मिळत नाही. उत्तम गुण असलेल्या मुलीने तेथे अर्ज जरूर करावा, पण घराचे आर्थिक नियोजन त्यावर उभारणे शहाणपणाचे नाही. आपल्यासारख्या बहुसंख्य कुटुंबांचा निकाल राज्य विद्यापीठांतच लागतो, आणि तेथे कळीचा मुद्दा शिष्यवृत्तीचा नसून रहिवासी दराचा असतो.

एच-१बी आणि एच-४ धारकांना व्हिसाच्या मुदतीत दीर्घकाळ वास्तव्याचा हेतू बाळगता येतो. त्यामुळे अनेक राज्ये त्यांना इतर रहिवाशांप्रमाणेच वास्तव्य सिद्ध करू देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. तेथे एच-४ विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना एक वर्षाहून अधिक काळचे सलग वास्तव्य आणि तेथेच राहण्याचा हेतू कागदपत्रांनी दाखवता आला, तर रहिवासी दर मिळू शकतो. तो न मिळाल्यास अनिवासी विद्यार्थ्यांसाठीचा अधिभार वर्षाला ३४,००० डॉलरहून अधिक पडतो. चार वर्षांचा हा फरक बहुतेक खासगी शिष्यवृत्त्यांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे.

याच कॅलिफोर्नियातील एबी ५४० या २००१ च्या कायद्याचा उल्लेख पालकांच्या गटांत वारंवार होतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. राज्यातील हायस्कूलमध्ये तीन वर्षे शिकलेल्यांना तो अनिवासी अधिभारातून सूट देतो. परंतु वैध नॉन-इमिग्रंट व्हिसावरील विद्यार्थी, मानवी तस्करीच्या व गुन्ह्यांच्या बळींसाठीचे टी आणि यू हे प्रकार सोडल्यास, त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे ज्याच्याजवळ कागदपत्रेच नाहीत, त्याला जी वाट मोकळी आहे, ती नियमाने राहिलेल्या एच-४ मुलाला बंद आहे. त्याने वास्तव्याच्या मार्गानेच जायचे. या विरोधाभासावर कितीही संताप व्यक्त केला, तरी कार्यालयात त्याचा उपयोग होत नाही.

टेक्सासबद्दलही गोंधळ आहे. जून २०२५ मध्ये तेथील शाळांत शिकलेल्यांना रहिवासी दर देणाऱ्या २००१ च्या कायद्याच्या अंमलबजावणीला केंद्रीय न्यायालयाने कायमची मनाई केली, ती कायदेशीर वास्तव्य नसलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत. एच-४ हे कायदेशीर वास्तव्य असल्याने त्या बातमीने घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र विद्यापीठे आता कागदपत्रे अधिक काटेकोरपणे मागू शकतात, हे गृहीत धरावे.

राज्याच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांची गोष्ट निराळी आहे. जॉर्जियाची होप आणि फ्लोरिडाची ब्राइट फ्यूचर्स या दोन्हींना नागरिकत्व किंवा फाफ्साच्या व्याख्येतील पात्र दर्जा लागतो. शाळेत पहिली आलेली एच-४ मुलगी यातून वगळली जाते आणि तिच्याहून कमी गुणांचे वर्गमित्र त्यावर शिकतात. राज्य विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून दिलेली गुणवत्ता शिष्यवृत्ती मात्र अनेकदा नागरिकत्व पाहत नाही, तेव्हा पैसा राज्याचा आहे की विद्यापीठाचा, एवढे प्रत्येक वेळी विचारावे.

पैलतीर

मी स्वतः एच-४ वर येथे वाढलो आणि आता पदवीधर आहे. मोरपंखीकाकू, २१ व्या वर्षाचा मुद्दा आपण एका वाक्यात उरकला आहे. माझ्या मते प्रवेशाइतकाच विचार त्याचा करावा लागेल.

एच-४ दर्जा अविवाहित आणि २१ वर्षांखालील मुलांपुरता आहे. बहुतेक मुले कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या आसपास २१ ची होतात, आणि त्या दिवसापूर्वी त्यांना दुसरा दर्जा, बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, मिळवावा लागतो. एक तर देशातच राहून आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज भरावा लागतो, नाहीतर भारतात जाऊन व्हिसा आणावा लागतो. आय-५३९ च्या निर्णयाला किती महिने लागतील याचा नेम नसतो, म्हणून वाढदिवसाच्या बरेच आधी अर्ज गेलेला बरा. एफ-१ साठी शिक्षणानंतर परतण्याचा हेतू दाखवावा लागतो. वडिलांचा ग्रीन कार्डचा अर्ज वर्षानुवर्षे चालू असलेल्या घरातील मुलाला परदेशातील वाणिज्य दूतावासात त्याबद्दल प्रश्न विचारले जाऊ शकतात. त्यामुळे कोणता मार्ग धरायचा, हे वकिलाला विचारूनच ठरवावे.

आता यातील फीचा सापळा पाहावा. अनेक राज्यांत एफ-१ विद्यार्थी वास्तव्य सिद्ध करू शकत नाही. त्यामुळे एच-४ वर रहिवासी दराने दोन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याला दर्जा बदलताच अनिवासी दर लागू होण्याची शक्यता असते. काही विद्यापीठे आधी मिळालेला रहिवासी दर्जा चालू ठेवतात, काही ठेवत नाहीत, आणि काही राज्यांत हायस्कूल तेथेच पूर्ण केल्याच्या आधारावर सवलत मिळते. प्रवेश घेण्यापूर्वी रजिस्ट्रारला हा प्रश्न सरळ विचारावा : ‘मी शिकत असताना माझा दर्जा एच-४ वरून एफ-१ झाला, तर माझी फी कोणत्या दराने आकारली जाईल?’ खासगी कॉलेजात हा प्रश्न नसतो, कारण तेथे फी सर्वांना सारखीच असते. म्हणूनच वरवर महाग दिसणारे खासगी कॉलेज काही वेळा शेवटी स्वस्त पडते.

दर्जा बदलण्याचे फायदेही आहेत. एच-४ वरील मुलाला कमाई करता येत नाही. ग्रंथालयातील नोकरी नाही, पगारी इंटर्नशिप नाही, प्रयोगशाळेत मानधन नाही. एच-४ वरील काही जोडीदारांना मिळणारा कामाचा परवाना मुलांना मिळत नाही. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर अभ्यासक्रमाशी निगडित प्रशिक्षण घेता येते, आणि पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे प्रशिक्षणासाठी नोकरीची परवानगी, मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना तिच्यापुढे आणखी २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. माझ्या वर्गातील काही जणांनी पहिल्या वर्षीच एफ-१ घेतला, तर रहिवासी दर टिकवण्यासाठी काही जण २१ वर्षांचे होईपर्यंत एच-४ वर राहिले. दोन्ही निर्णयांमागे व्यवस्थित हिशोब होता.

मोरपंखी

पैलतीर, हे इतक्या स्पष्टपणे मला कोणीच सांगितले नव्हते. सीएसपीए या मुलांच्या दर्जाला संरक्षण देणाऱ्या कायद्यामुळे ग्रीन कार्डसाठीचे मुलांचे वय ‘गोठते’ असे ऐकले होते. मग एफ-१ ची गरज का पडावी?

पैलतीर

२००२ चा तो कायदा वय गोठवत नाही, तर वजाबाकी करू देतो. ग्रीन कार्डसाठी व्हिसा क्रमांक उपलब्ध होईल, म्हणजे रांगेत पाळी येईल, त्या दिवशीच्या वयातून आय-१४० प्रलंबित राहिलेला काळ वजा केला जातो. उदाहरणार्थ, त्या दिवशी मुलीचे वय २१ वर्षे ४ महिने असेल आणि आय-१४० सहा महिने प्रलंबित राहिला असेल, तर तिचे वय २० वर्षे १० महिने धरले जाईल आणि ती पात्र ठरेल. आय-१४० जादा शुल्क भरून पंधरवड्यात मंजूर करून घेतला असेल, तर वजा करायला जवळपास काहीच उरत नाही, हे त्यावेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांसाठी यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खाते, हे वय व्हिसा बुलेटिन या मासिक पत्रकातील अंतिम कार्यवाहीच्या तक्त्यावरून मोजते. आधीचा सवलतीचा तक्ता आता या मोजणीसाठी वापरला जात नाही, त्यामुळे भारतीय मुलांसाठी गणित अधिकच कठीण झाले आहे.

आणखी एक गोष्ट अशी, की ही वजाबाकी केवळ ग्रीन कार्डच्या पात्रतेसाठी असते. एच-४ मात्र जन्मतारखेनुसार २१ व्या वाढदिवशी संपतो, सीएसपीएचे वय काहीही असले तरी. म्हणून एफ-१ लागतोच.

शमीवृक्ष

बाहेरच्या शिष्यवृत्त्यांबद्दल थोडे. कोका-कोला स्कॉलर्स आणि गेट्स स्कॉलरशिप या दोन्हींसाठी एच-४ विद्यार्थी अपात्र आहेत, त्यामुळे त्यांचे निबंध लिहिण्यात उन्हाळा घालवू नये. नॅशनल मेरिटसाठी अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना आता नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा तिच्या निवडीचा आधार असलेली अकरावीतील पीएसएटी परीक्षा गांभीर्याने द्यावी. रीजेनेरॉन सायन्स टॅलेंट सर्च ही स्पर्धाही येथील बारावीतील विद्यार्थ्यांना नागरिकत्व न पाहता खुली आहे. क्वेस्टब्रिजही येथे शिकणाऱ्या कोणत्याही नागरिकत्वाच्या विद्यार्थ्याचा अर्ज घेते, परंतु तो कार्यक्रम अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. त्यातून निवड झालेल्यांचे घरचे उत्पन्न चौघांच्या कुटुंबासाठी साधारण ६५,००० डॉलरच्या आत असते, त्यामुळे एच-१बी कुटुंबांपैकी थोडेच त्यात बसतील. आयव्ही लीगमधील विद्यापीठे गुणवत्ता शिष्यवृत्ती देतच नाहीत, त्यांची सगळी मदत गरजेवर आधारित असते.

मुलीला वैद्यकीय क्षेत्रात जायचे असेल, तर आधीच सावध करतो. येथील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना प्रवेश देत नाहीत, आणि जी देतात त्यांतील काही फीची मोठी रक्कम आगाऊ मागतात.

भारताचा पर्यायही कागदावर मांडून पाहावा. आपली मुलगी येथे परकी असली तरी तेथे नागरिक आहे. अकरावी-बारावी परदेशात केलेल्यांसाठी एनआयटी आणि इतर काही संस्थांत दासा योजनेतून प्रवेश मिळतो, आणि त्यासाठी आता जेईई मेनचे गुण लागतात. येथील अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलीला ती तयारी ऐनवेळी जमणे अवघड आहे, म्हणून निर्णय आताच घ्यावा लागेल.

मोरपंखी

सर्वांची ऋणी आहे. मुलीशी आणि ह्यांच्याशी बोलून आम्ही यादीचे दोन भाग केले आहेत. एकात आमच्या राज्याची दोन विद्यापीठे आणि दुसऱ्यात परदेशी नागरिकांची पूर्ण गरज भागवणारी काही खासगी कॉलेजे. एक शेवटची शंका आहे. यांपैकी एका नीड-अवेअर कॉलेजात अर्ली डिसिजनने अर्ज करावा, असे तिला वाटते. त्यात बांधले जाण्याची मला भीती वाटते.

ओवरी

अर्ली डिसिजनमध्ये प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे वचन द्यावे लागते. मात्र दिलेली आर्थिक मदत अपुरी असल्यास त्या वचनातून मोकळे होता येते. तरीही इतर कॉलेजांचे प्रस्ताव तोवर हाती आलेले नसतात, त्यामुळे तुलना करता येत नाही, हे नुकसान खरे आहे. माझा सल्ला असा आहे, की ऑगस्टमध्येच त्या कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला ईमेलने विचारावे : एच-४ विद्यार्थिनीला कोणते नियम लागू होतात, पूर्ण गरज भागवली जाते का, आणि पुढे ग्रीन कार्ड मिळाल्यास किंवा दर्जा एफ-१ झाल्यास मदतीत काय बदल होतो. ते अर्जाआधी मदतीचा अंदाजे आकडा काढून देत असतील, तर तोही मागावा. हे उत्तर समाधानकारक आले तरच अर्ली डिसिजन करावे.

सीएसएस प्रोफाइल भरताना एका गोष्टीकडे आपल्याकडील पालकांचे दुर्लक्ष होते. परदेशातील मालमत्ताही त्यात सांगावी लागते. पुण्यातील फ्लॅट, गावाकडील शेतजमिनीतील हिस्सा किंवा आजोबांबरोबरचे संयुक्त खाते असेल, तर आपल्या वाट्याचे मूल्य डॉलरमध्ये काढून लिहावे. हिस्सा विकता येण्यासारखा नसेल किंवा त्याबाबत वाद असेल, तर विशेष परिस्थितीच्या रकान्यात तसे स्पष्ट नोंदवावे, आणि सात-बारा वा कराची पावती इंग्रजी भाषांतरासह हाताशी ठेवावी.